किलो लिहायला विसरू नका

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, सिलिंडरात गॅस पातळ असतो ना? मग तो लिटरवर का नाही मिळत? १४.२ किलो कशाला?"

मी इतिहास शिकवणारा बी. ए. माणूस, पण एवढं सांगता आलं. द्रव उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून हिशेब वजनाचा. विमानातही इंधन भरताना लिटर, पण वैमानिकाचा हिशेब वजनाचाच. मग त्याला १९८३ सालची गोष्ट सांगितली.

त्या वेळी कॅनडा पौंड सोडून किलोकडे वळत होता. एअर कॅनडाची नवी बोइंग ७६७ विमानं किलोवर चालणारी, बाकीची जुनी पौंडावर. २३ जुलैला माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेल्या विमानाचे इंधनाचे काटे बंद होते. म्हणून टाक्या हाताने मोजल्या. ७,६८२ लिटर भरले. हवं होतं २२,३०० किलो. लिटरला १.७७ ने गुणलं आणि उत्तराला किलो म्हटलं. पण १.७७ हे एका लिटरचं पौंडातलं वजन! किलोत ते जेमतेम ०.८ भरतं. वीस हजारांवर लिटर घालायचे, तिथे सुमारे ४,९०० घातले. म्हणजे विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं.

वाटेत आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. आत ६९ माणसं. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना इंजिन नसलेलं ग्लायडर उडवायची सवय होती. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली इथला हवाई दलाचा जुना तळ ठाऊक होता. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालू होत्या! तरीही विमान उतरलं, सगळे वाचले. पुढे ते विमान २००८ पर्यंत सेवेत होतं.

मंडळी, मला खटकतं ते वेगळंच. ओटावाला पुन्हा मोजणी झाली होती. पण गुणाकार पुन्हा त्याच १.७७ ने. तपासणी म्हणजे तेच गणित दुसऱ्यांदा करणं नव्हे. शिवाय जुन्या विमानांत इंधनाचा हिशेब बघायला तिसरा माणूस असे. नव्यात ती जागाच नव्हती. काम कोणाचं, हे नीट ठरलंच नव्हतं.

आपल्याकडेही १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. माझ्या लहानपणी घरात आजी शेरात बोले, शाळेत गुरुजी किलोत. बाजारात किती जणांचं नुकसान झालं असेल, त्याची नोंद कुठेच नाही.

एकदा बदली तासाला मी गणिताच्या वह्या तपासल्या. उत्तर बरोबर, पण एकक लिहिलं नाही म्हणून एका मुलीचा अर्धा गुण कापला. ती रडली. मला कित्येक वर्षं वाटायचं, आपण उगाच कडक वागलो. आता वाटतं, गुण कापला ते ठीक, पण का कापला ते तिला समजावून सांगायला हवं होतं. ते राहून गेलं.

असो. नातू म्हणाला, "म्हणजे आकडा बरोबर होता, नाव चुकलं." याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.