पेनंट-शर्यत, बेसबॉलमधील

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या साखळी स्पर्धेत हंगामाच्या अखेरीस अग्रस्थानासाठी होणारी चुरस. ‘पेनंट’ म्हणजे निमुळती पताका. ती विजेत्या संघाचे विजयचिन्ह असल्याने साखळीच्या अजिंक्यपदासच हे नाव रूढ झाले. नॅशनल लीग (स्थापना १८७६) आणि १९०१ पासून तिच्या बरोबरीने प्रमुख मानली गेलेली अमेरिकन लीग या दोन साखळ्यांच्या विजेत्यांमध्ये १९०३ साली पहिली ‘वर्ल्ड सिरीज’ खेळली गेली. तेव्हापासून १९६८ पर्यंत प्रत्येक साखळीतून केवळ एकच संघ या अंतिम मालिकेस पात्र ठरत असे. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला, त्याने कितीही सामने जिंकले असले, तरी पुढे वाव नव्हता. सप्टेंबरमधील चुरशीस जी तीव्रता येई, तिचे मूळ या कठोर नियमात होते.

एप्रिल ते सप्टेंबर या काळात संघ जवळजवळ रोज खेळतात. सामन्यांची संख्या पूर्वी १५४ असे. अमेरिकन लीगमध्ये १९६१ पासून व नॅशनल लीगमध्ये १९६२ पासून ती १६२ झाली. एखाद्या दिवशी सर्व संघांचे सारखेच सामने झालेले नसतात. त्यामुळे दोन संघांतील अंतर हे त्यांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांच्या बेरजेच्या निम्म्याने मोजतात. उदा., एका संघाचे ९० विजय व ६० पराभव आणि दुसऱ्याचे ८७ विजय व ६२ पराभव असल्यास दुसरा संघ अडीच सामन्यांनी मागे असतो. अग्रेसर संघाचे यापुढील विजय आणि पाठलाग करणाऱ्या संघाचे यापुढील पराभव यांची बेरीज किती झाली असता अग्रस्थान निश्चित होईल, हा आकडाही चाहते रोज मोजतात. वरील उदाहरणात १६२ सामन्यांच्या हंगामात तो ११ येतो. साहजिकच आपल्या संघाचा सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाचे निम्मे लक्ष दुसऱ्या शहरातील सामन्याच्या धावफलकाकडे लागलेले असते. गणिताच्या दृष्टीने एप्रिलमधील व सप्टेंबरमधील पराभवांचे मोल सारखेच. परंतु एप्रिलमधील पराभव भरून काढण्यास अवधी असतो, सप्टेंबरमध्ये तो उरत नाही. म्हणूनच लोकांच्या स्मरणात अखेरचे पराभवच राहतात.

याचे पहिले ठळक उदाहरण १९०८ सालचे होय. २३ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि शिकागो कब्ज यांची नवव्या डावात १-१ अशी बरोबरी होती. जायंट्सच्या फलंदाजाने चेंडू मोकळ्या जागेत मारला व तिसऱ्या बेसवरील खेळाडूने धाव पूर्ण केली. प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरून निघालेला एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच परतला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मिळवून त्या बेसला पाय लावला. पंचांनी मर्कलला बाद ठरविल्याने ती धाव रद्द झाली व सामना अनिर्णित राहिला. हंगामाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आल्याने ८ ऑक्टोबर रोजी तो पुन्हा खेळविण्यात आला आणि कब्जने तो ४-२ असा जिंकला. कब्जचे ९९, तर जायंट्स व पिट्सबर्ग पायरेट्स यांचे प्रत्येकी ९८ विजय झाले. जायंट्सने हंगामात आणखी ५५ सामने गमावले होते. दोष मात्र मर्कलच्या माथी बसला आणि तो त्याला जन्मभर चिकटला.

सन १९५१ मध्ये जायंट्सचा संघ ऑगस्टच्या मध्यास ब्रुकलिन डॉजर्सच्या सुमारे १३ सामन्यांनी मागे होता. शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून त्याने बरोबरी गाठली. तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेतील अखेरच्या सामन्यात, ३ ऑक्टोबर रोजी, बॉबी टॉमसनने नवव्या डावात राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होमरन मारून ५-४ असा विजय मिळवून दिला. त्या हंगामाच्या उत्तरार्धात जायंट्स आपल्या मैदानावर दुर्बिणीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपत असत, हे २००१ मध्ये उघडकीस आले. सन १९६४ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडे केवळ १२ सामने उरले असताना साडेसहा सामन्यांची आघाडी होती. सलग १० पराभवांमुळे ती नाहीशी होऊन सेंट लुईस कार्डिनल्स विजेते ठरले.

संघांची संख्या वाढल्यामुळे १९६९ मध्ये प्रत्येक साखळीचे दोन विभाग करण्यात आले व विभागविजेत्यांत बाद फेरी सुरू झाली. त्यामुळे चुरस विभागापुरती झाली, तरी तिची धार कायम राहिली. सन १९७८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने बॉस्टन रेड सॉक्सची १४ सामन्यांची आघाडी भरून काढली व बरोबरीनंतरचा एकमेव निर्णायक सामना जिंकला. सन १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला १०३ विजय मिळूनही बाद फेरीबाहेर राहावे लागले. अटलांटा ब्रेव्ह्जचे १०४ विजय होते.

पुढे प्रत्येक साखळीत तीन विभाग करून उपविजेत्यांपैकी सर्वोत्तम संघास ‘वाइल्ड कार्ड’ देण्याचे ठरले. खेळाडूंच्या संपामुळे १९९४ ची वर्ल्ड सिरीज रद्द झाल्याने ही पद्धत १९९५ मध्ये प्रथम अमलात आली. अशा जागा २०१२ मध्ये दोन व २०२२ मध्ये तीन झाल्या. प्रत्येक साखळीतून सहा संघ पुढे जाऊ लागल्याने सप्टेंबरअखेरपर्यंत आशा बाळगणाऱ्या शहरांची संख्या वाढली, हा तिचा निःसंशय लाभ होय. मात्र दीर्घ हंगामातील श्रेष्ठत्वाचे मोल त्या प्रमाणात उतरले. सन २०२३ मध्ये ८४ विजय मिळविलेल्या ॲरिझोना डायमंडबॅक्सने १०० वा अधिक विजय मिळविलेले संघ मागे टाकून नॅशनल लीगचे पेनंट जिंकले. याउलट २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स व अटलांटा यांच्याप्रमाणेच ८९ विजय मिळवूनही ॲरिझोना वगळला गेला. कारण २०२२ पासून बरोबरी सोडविण्यासाठी जादा सामना न खेळविता परस्परांतील निकाल पाहिले जातात. मर्कल व टॉमसन यांची नावे ज्या सामन्यांमुळे इतिहासात राहिली, तशा निर्णायक सामन्यांना या पद्धतीत स्थान उरलेले नाही.