सांकेतिक म्हणजे चोरटे नव्हे

वऱ्हाडात महानुभाव पंथाचा विषय निघाला की अमरावती-अकोल्याच्या चांगल्या शिकल्यासवरल्या बैठकीतही एक शेरा हमखास येतो: लपवण्यासारखं काही नसतं तर यांनी पोथ्या गुप्त लिपीत कशाला लिहिल्या असत्या? या शंकेला इंग्रजी अमदानीत छापील प्रतिष्ठाही मिळाली. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जाती-जमातींच्या ग्रंथात ‘मानभावां’च्या नोंदीत पंथाच्या उगमाची जी कुचेष्टेची कथा आली आहे, ती पंथाच्या विरोधकांच्या तोंडची. पण कथा बाजूला ठेवली तरी लिपीचा आक्षेप उरतोच, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पंथाची सांकेतिक सकळ लिपी खरोखरच आहे. शिवाय सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही आहेत. त्यांच्यामुळे मराठीतले आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेर वाचता आले नाही, हेही खरे.

पूर्वपक्ष एवढा मान्य करून काळाचा क्रम पाहू. म्हाइंभटांनी रिद्धपुरात बसून पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणी लीळाचरित्रासाठी जमवल्या त्या 1278 च्या सुमारास. सकळ लिपीचे कर्तेपण परंपरा रवळोबासांकडे देते, आणि तो काळ चौदाव्या शतकातला. म्हणजे मजकूर आधी, कुलूप नंतर. आधीचा तो मजकूर तरी कसा? संस्कृतात लिहावे असे केशोबासांसारख्या पंडिताच्या मनात असताना पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्याला अडवले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकल्या असत्या. लपवायचे असते तर संस्कृताइतका भक्कम पडदा त्या काळी दुसरा कोणता होता? तो आयता हाताशी असताना ज्यांनी बोलती मराठी पत्करली, त्यांच्यावर चोरटेपणाचा आळ घ्यायला बराच धीर लागतो.

शिवाय किल्ली लागल्यावर आत निघाले काय? विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि अमरावतीला अध्यापन केलेले वि. भि. कोलते यांनी पंथाचे वाङ्मय मराठी वाचकांपुढे मांडले. त्यात निघाली भिक्षेची अन्ने, रुसवेफुगवे, पायी वाटा, देवळांच्या ओवऱ्या, आणि अंत्यजांना पाणी नाही म्हणून चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांनी विहिरीची जागा दाखवल्याची लीळा. या शेवटच्या गोष्टीने कोणाला अडचण वाटली असेल तर ती महानुभावांना खासच नव्हे.

आता थोडे दूर, इजिप्तच्या वाळूत. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांबद्दलही असाच समज आहे: तळघरात जमणारी, खुणांनी बोलणारी, जगापासून दडलेली माणसे. त्यांची ग्रीक भाषेतली खासगी पत्रे पपायरसवर सापडली आहेत आणि ती या समजाला जुमानत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या संग्रहात इ. स. 230 च्या दशकातले एक पत्र आहे. एरियानस नावाच्या माणसाने भाऊ पॉलस याला ते लिहिले. दोघे खात्यापित्या, गावात वजन असलेल्या घरातले. पत्रात घरची खुशाली, स्थानिक कारभाराच्या गोष्टी, आणि तुला चांगली वाटेल ती माशांची चटणी पाठव अशी फर्माईश. शेवटी ‘प्रभूच्या ठायी’ सुखी राहा असा आशीर्वाद, आणि त्यातला ‘प्रभू’ हा शब्द ख्रिस्ती लेखनिकांच्या रीतीने आखूड करून लिहिलेला. चटणीची मागणी आणि देवाचे नाव एकाच कागदावर, एकाच शाईने!

याहून बोलके पत्र आहे इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस इथले, रोमन सम्राट डायोक्लीशनने 303 मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळातले. कॉप्रेस नावाचा माणूस जमिनीच्या दाव्यासाठी परगावी गेला. तिथे कोर्टात उभे राहणाऱ्याला आधी देवतांना बळी अर्पण करायला लावतात, हे त्याला कळले. मग त्याने भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिले आणि हे सगळे घरी सरळ लिहून कळवले. पत्राच्या अखेरीस 99 हा आकडा आहे. ग्रीकमध्ये अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, आणि ‘आमेन’ची बेरीज 99 भरते. ज्याला खरोखर भीती होती, त्याने धोक्याची हकिगत उघड लिहिली आणि खूण केली ती ‘आमेन’ला. दडवायचेच असते तर त्याने उलट केले असते. खूण होती ती आपल्या माणसासाठी. श्रद्धेची आणि ओळखीची.

सकळ लिपीचे सगळेच असे होते, असे मी म्हणणार नाही. सबंध पोथी संकेतात लिहिणे आणि पत्राखाली आकडा टाकणे यांत फरक आहे. अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये हा हेतू होताच, आणि तो मला आवडत नाही. पण परंपरा असेही सांगते की खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथ्या गेल्या आणि स्मरणाने पुन्हा लिहाव्या लागल्या. एकदा असे पोळल्यावर कोण सावध होणार नाही? याच पोथ्या पुढे पंजाब-पेशावरपर्यंत गेल्या आणि परभाषी अनुयायांनी मराठी शास्त्र म्हणून जपल्या. कुलूप काढले की मजकूर शिल्लक होता, ही त्या बंदोबस्ताची कमाई नाकारता येत नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. तिथे मराठी शिकणाऱ्या प्रत्येकाला सकळ लिपी वाचता आलीच पाहिजे. आणि ज्या मठांत, घरांत अजून पोथ्या आहेत त्यांनी त्या विद्यापीठाला निदान छायाचित्रे घेऊ द्यावीत.