प्रिन्सेस डॉकखालचे रान: जमीन खचली की समुद्र चढला?

हिंगोली दक्खन स्थानकाच्या पाटीवरही, इतर स्थानकांप्रमाणेच, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. तरी मोजमापाचा शून्य तोच. हा शून्य मात्र स्वतःच हलत आला आहे.

१८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीखाली, गाळाच्या थराखाली झाडे सापडली. एकूण ३८२, त्यांपैकी २२३ मुळांवर उभी. वाहून आलेले लाकूड असे उभे राहत नाही. ते खैराचे असल्याचे तेव्हा ओळखले गेले, आणि खैर काही तिवरासारखा खाऱ्या चिखलात वाढत नाही. म्हणजे तिथे एके काळी कोरडी जमीन होती.

अभियंता ऑर्मिस्टन यांनी १८७८ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. ‘किनारा खचला’ हा त्या काळचा सरळ निष्कर्ष. पण केवळ झाडांवरून तो निघत नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळले तसा तो चढला. म्हणून आधी कार्बन-१४ पद्धतीने लाकडाचे वय काढायचे, त्या काळी समुद्र कुठे होता ते पाहायचे आणि तेवढा फरक वजा करायचा. उरेल तीच जमिनीची हालचाल.

अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदीही १८७८ पासूनच्या. पण तो मापकही जमिनीवरच बसवलेला; जमीन खचली तरी त्याला समुद्र चढलेलाच दिसतो.