डिसेंबर १९७१ ची एक राहिलेली नोंद



आपल्या १९६८ च्या मॅट्रिकच्या वर्गातली निम्मी पोरं १ जुलैला जन्मली, हे आपण दर स्नेहसंमेलनात हसत हसत मोजतो. आईबापाला जन्मतारीख सांगता येत नसे. मग नाव दाखल करताना गुरुजीच जुलैची पहिली तारीख लिहून मोकळे होत. पुढे तीच तारीख दाखल-खारीज रजिस्टरातून टी.सी.वर, तिथून नोकरीत, पेन्शनमध्ये आणि आधार कार्डावर गेली. रजिस्टरात उतरलं ते खरं आणि जे उतरलं नाही ते घडलंच नाही, असा कागदाचा न्याय आहे. आपलं त्यात फारसं बिघडलं नाही. पण आपल्यातल्या एकाचं बिघडलं. त्याच्याबद्दल लिहितो. नाव छापू नको, असं त्यानं बजावलं आहे. वर्गाला ते ठाऊक आहेच.

मॅट्रिक झाल्यावर वर्षभरानं तो फौजेत भरती झाला. वाहनचालक झाला, पंधरा वर्षांहून जास्त नोकरी करून अकोल्याला परतला. मागच्या भेटीला तो अमरावतीला आला तेव्हा कापडी पिशवीत त्याचं डिस्चार्ज बुक होतं. जेवणं आटोपल्यावर त्यानं ते माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, “तू इतिहास शिकवला ना रे तीस वर्षं? मंग हे वाचून सांग. मी तं होतो ना तिथं. कागदावर काऊन नाही?”

१९७१ च्या युद्धात त्याची मूळ तुकडी पश्चिमेकडे होती. त्याला मात्र आणखी काही चालकांबरोबर पूर्व आघाडीवरच्या एका तुकडीला तात्पुरतं जोडून दिलं होतं. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली, त्या वेळी तो दारूगोळ्याच्या गाड्या घेऊन सीमेपलीकडे होता. पुढच्या वर्षी तो आपल्या तुकडीत परतला. डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे. ते दोन्ही आघाड्यांवरच्यांना मिळालं. पूर्व आघाडीवर असणाऱ्यांसाठीचा ‘पूर्वी स्टार’ मात्र त्यात नाही, आणि पूर्वेला गेल्याची ओळही नाही. बुक इंग्रजीत लिहिलेलं. “सही कर म्हटलं, केली,” एवढंच तो सांगतो. २०२१ मध्ये त्या विजयाला पन्नास वर्षं झाली, ठिकठिकाणी १९७१ च्या सैनिकांचे सत्कार झाले. एका यादीत त्यानं आपलं नाव शोधलं. ते नव्हतं. तेव्हापासून तो अर्ज करतो आहे.

या स्टारला पैसा जोडलेला नाही. पेन्शन एक रुपयानंही वाढणार नाही. त्यामुळे घरचेही म्हणतात, सोडून द्या आता. तो सोडत नाही.

फौजेत ही नोंद होते कशी, हे आधी समजून घेतलं पाहिजे. शिपायाच्या आयुष्यात काहीही बदललं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, आजार किंवा दुसऱ्या तुकडीला जोडणी, की त्याचं युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं. ती त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्याच्या सेवापत्रकात, ज्याला ‘शीट रोल’ म्हणतात, चढते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, गार्ड्सचं आपल्या जवळ कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. मोहिमेच्या पदकांसाठी युनिट वेगळी यादी पाठवतं. या साखळीत एक कडी निसटली, म्हणजे ऐन युद्धात एखाद्या कारकुनाकडून एक ऑर्डर काढायची राहिली, की पुढचं सगळं कोरं राहतं. दुसऱ्या तुकडीला जोडलेल्यांच्या बाबतीत ही भीती जास्त. ज्यांच्याबरोबर तो लढतो त्यांच्या हजेरीपटावर तो पाहुणा आणि घरच्या पटावर गैरहजर. त्यातच जुने कागद कायम ठेवले जात नाहीत. पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद तर साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे.

त्याचा प्रश्न घेऊन मी जुन्या पुस्तकांत शिरलो. सैनिकाची नोंद कोण लिहितो आणि ती राहून गेली तर काय होतं, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. पहिलं उत्तर आपल्या वऱ्हाडातच सापडलं.

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. म्हणजे आपल्या पणजोबांच्या कपाशीवरचा सारा त्या पलटणींच्या पगारात जात होता. परतवाडा वाढला तो याच फौजेच्या छावणीमुळं. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात घेतल्या, त्यातल्या एकीला ९६ वी बेरार इन्फंट्री असं नाव मिळालं. १९२२ मध्ये ती हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंटची. ‘बेरार’ हे बिरुद तिच्यासोबत राहिलं. मात्र या पलटणींत भरती मुख्यतः जाट, अहिर, राजपूत आणि दख्खनी मुसलमानांची होत असे. वऱ्हाडचं नाव पलटणीला लागलं, तिच्या हजेरीपटावर वऱ्हाडी माणूस विरळाच.

दुसरं उत्तर महाराष्ट्रातल्या महार सैनिकांचं. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं तिथल्या स्तंभावर कोरली आहेत. नावाअखेरच्या ‘नाक’ या प्रत्ययानं ती ओळखू येतात. एवढी पक्की नोंद दुसरी कोणती असणार? तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनं ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली तेच सैनिक नालायक ठरले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी जेजुरीला परिषद भरवून थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. आमच्या वाडवडिलांनी काय केलं ते तुमच्याच दप्तरात पाहा, असा त्याचा मथितार्थ होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, आणि १९२१ मध्ये ती मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. दुसरी बटालियन कामठीला उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. म्हणजे नोंद दगडावर असली तरी तेवढ्यानं भागत नाही. ती वाचायला कुणाला तरी भाग पाडावं लागतं, आणि त्यासाठी अर्जामागून अर्ज करणारी चिवट माणसं लागतात.

तिसरं उत्तर समुद्रापलीकडचं, पण त्यातही आपली माणसं आहेत. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला त्या शरण गेल्या, आणि पुढं कैदेत कित्येक मेले. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढं मेलेल्यांचा आकडा, एवढंच. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये आपल्याच जुन्या कारभाराची चौकशी करून अहवाल दिला. ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृती इतरांच्या बरोबरीनं जपली गेली नाही. आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. यात मोठी संख्या हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांची. आयोगानं माफी मागितली आणि नावं शोधायला घेतली. शंभर वर्षांनी का होईना, चूक दुरुस्त करायला हरकत नाही, हे यातून शिकायचं.

आणि चौथं उत्तर आपल्या डोळ्यांदेखतचं. कारगिल युद्धात बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचं नेतृत्व ब्रिगेडियर देविंदर सिंग यांनी केलं. युद्धानंतरच्या अहवालात आपल्या ब्रिगेडच्या कामगिरीला न्याय मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणानं वरिष्ठांच्या लेखनात पक्षपात झाल्याचं मानलं आणि नोंद सुधारण्याचा निकाल दिला. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानं झालं, २००९ पासून कामाला लागलं. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. पण तिथं जाण्यापूर्वी खात्यातले अर्जविनंतीचे मार्ग संपवावे लागतात, आणि अंतिम नकार आल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. ब्रिगेडियरला जे झेपलं ते निवृत्त चालकाला झेपेलच असं नाही. अकोल्याहून रात्रीची अंबा एक्सप्रेस पकडणं सोपं, वकिलापुढं पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा ठेवणं कठीण.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. कुणी तोंडी सांगितलं म्हणून नोंद बदलायची नसते. तशी बदलली तर जो खरोखर गेला होता त्याच्या स्टारचीही किंमत जाते. आणि आठवणही फसवते. आमच्या या मित्रानंही आपल्या पहिल्या अर्जात चूक केली होती. ती उघड झाली ती आपल्या शाळेमुळं.

आपले वर्गशिक्षक आता नाहीत. त्यांच्या मुलानं घर आवरताना सरांनी जपलेला पत्रांचा गठ्ठा मला आणून दिला. सर विद्यार्थ्यांची पत्रं फेकत नसत. त्यात याचं एक पत्र निघालं, ९ डिसेंबर १९७१ चं. आपण ते लिहिलं होतं, हे त्याला मुळीच आठवत नव्हतं. कुठं आहे ते लिहायची परवानगी नाही, पण इकडं नद्याच नद्या आहेत, पूल तुटलेत, गाडी तराफ्यावर चढवावी लागते, असं त्यात आहे. नोव्हेंबरच्या शेवटी इकडे आलो, असंही आहे. अर्जात त्यानं लिहिलं होतं, ४ डिसेंबरला निघालो. तारीख चुकली होती आणि कार्यालयानं नेमकी तिच्यावरच शंका घेतली होती.

पत्राच्या मागच्या बाजूला त्याचा नंबर, नाव, ज्या तुकडीला जोडलं होतं तिचं नाव आणि शेवटी ‘मार्फत ९९ एपीओ’. फौजेत गेलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. मोहिमेवरच्या सैनिकांची टपाल पश्चिम आणि उत्तरेकडे ५६ एपीओमार्फत जाते, पूर्वेकडे ९९ एपीओमार्फत. पश्चिमेला असलेल्या माणसाच्या पत्रावर ९९ येत नाही. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्काही आहे, पुसट पण वाचता येण्यासारखा.

पत्र हाती घेऊन तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सरांनी ठेवलं बाप्पा. मी नाही ठेवलं.”

आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. चुकलेली तारीख दुरुस्त केली आणि ती का चुकली तेही सरळ लिहिलं. पत्राची साक्षांकित प्रत जोडली. त्या तुकडीची डिसेंबर १९७१ ची युद्धदैनंदिनी आणि पदकांची यादी तपासावी, अशी विनंती केली. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये नवं धोरण जाहीर केलं आहे. त्यानुसार असे युद्धाचे कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हायला हवेत. १९७१ ला पन्नास वर्षं उलटून गेली. म्हणून निदान शोधा, एवढं म्हणण्याचा हक्क त्याला आहे. एकटं पत्र पुरेसं ठरेलच असं नाही, कार्यालयाला स्वतःच्या दप्तरातली ओळ लागते. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपल्या शाळेतून फौजेत गेलेले तो एकटा नव्हे. तुमच्या घरात, भावाच्या किंवा काकांच्या पेटीत, जुनी आंतर्देशीय पत्रं असतील, पाठीमागे सही केलेले फोटो असतील, रजेचे पास असतील. रद्दीत घालण्याआधी मागची बाजू वाचा. फौजेतून निवृत्त झालेल्यांनी डिस्चार्ज बुकातली प्रत्येक ओळ आज कुणाकडून तरी समजून घ्या. राहिलेलं असेल तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाची रीत विचारा, आणि सोबतचा साक्षीदार हयात आहे तोवर त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. आमच्या मित्राबरोबर पूर्वेला गेलेल्या चालकांपैकी त्याला ठावठिकाणा माहीत असलेला शेवटचा २०१९ मध्ये गेला. दोन वर्षं आधी अर्ज केला असता तर पत्राची गरजच पडली नसती.

यंदाच्या संमेलनात नेहमीप्रमाणे जुना हजेरीपट वाचला जाईल. आपलं नाव आलं की आपण सत्तरी ओलांडलेली माणसं उभी राहून ‘हजर’ म्हणतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्याचंही नाव येईल. त्याला हवा आहे तो एवढाच शब्द, दुसऱ्या एका हजेरीपटावर.