शब्दवेध : कोन्फ्रारिया

गोव्यात चर्चच्या मिरवणुकीत किंवा अंत्ययात्रेत लांब झगा आणि वर रंगीत खांदेवस्त्र घातलेले पुरुष दिसतात, त्यांचं भ्रातृमंडळ म्हणजे कोन्फ्रारिया. शब्द पोर्तुगीज, मुळाशी लॅटिन ‘फ्रातेर’, म्हणजे भाऊ. संस्कृत ‘भ्रातृ’, फारसी ‘बिरादर’ त्याच कुळातले. म्हणजे कोन्फ्रारिया आणि बिरादरी चुलत भावंडंच!

आमच्या नाशिकवर गोव्यासारखं पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. इथला कॅथलिक धर्मप्रांतही १९८७ सालचा. पण ‘भ्रातृ’वरून आलेला ‘भाऊ’ इथे घरोघरी आहे. म्हणून इथल्या चर्चमधल्या पुरुषांच्या प्रार्थनागटाला ‘बंधुमंडळ’ हे नाव मला मनापासून आवडेल. ‘भाऊबंदकी’ मराठीत भांडणाच्या वाट्याला गेली, याची खंत वाटते. कोन्फ्रारियाने त्याच नात्यातून प्रार्थना उचलली, आणि गावातल्या मृताला अखेरची सोबतही.