कुरखेड्याचे जंगल कोणत्या नकाशात?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटमध्ये 80 अंश पूर्व रेखांश म्हणजे कागदाची कडा. तिच्या पश्चिमेला असलेले वडसा आणि आरमोरी 55-पी या शीटमध्ये येतात, तर पूर्वेला सती नदीकाठी वसलेले, गडचिरोली जिल्ह्यातले कुरखेडा 64-डी मध्ये. कुरखेड्याच्या माणसाला रेल्वे गाठायची तर वडशालाच जावे लागते, पण ही शेजारची दोन गावे एकत्र पाहायला दोन शीट जोडून ठेवाव्या लागत. कागद जोडणे सोपे होते. या मुलखाचे नकाशे निरनिराळ्या सरकारांच्या आणि खात्यांच्या दफ्तरांत विखुरले, ते जोडण्याचे काम मात्र आजही अपुरेच आहे.

विदर्भाच्या मातीत शास्त्रीय मोजणी आणली ती विल्यम लॅम्बटनने. 1802 मध्ये मद्रासजवळून त्रिकोणांची साखळी बांधत निघालेला हा अधिकारी जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. 1854 मध्ये राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पाठोपाठ चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याची जमाबंदी सुरू झाली. मेजर लुसी स्मिथ याचा बंदोबस्ताचा अहवाल 1869 चा. मोजणीचे मूळ कारण शेतसारा, त्यामुळे 66 फुटांची, शंभर कड्यांची साखळी आधी फिरली ती धानाच्या बांध्यांतून. मोहाची झाडे, बांबूची रांजी, गुरांच्या वाटा आणि देवाच्या जागा गावाला तोंडपाठ होत्या. सरकारला त्यांच्यापासून सारा मिळत नव्हता.

मग सीमा हलू लागल्या. 1907 मध्ये चांदा जिल्ह्यातल्या अंबागड चौकी, पानाबारस या पूर्वेकडच्या जमीनदाऱ्या नव्या दुर्ग जिल्ह्याला जोडल्या गेल्या; आज तो भाग छत्तीसगडमध्ये आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच वेळी हैदराबाद राज्यातला राजुरा तालुका आधी नांदेडला आणि 1959 मध्ये चांद्याला जोडला गेला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे एकाच वनपट्ट्याच्या जमिनीची मूळ नोंद कुठे मध्य प्रांताच्या बंदोबस्ती मिसलीत, तर कुठे निजामाच्या दफ्तरात. सरकार बदलले की अधिकारी बदलत, नोंदीचे शब्द मात्र तसेच पुढे येत.

त्या शब्दांची किंमत किती मोठी असते, हे ‘झुडपी जंगल’ या नोंदीने दाखवून दिले. मध्य प्रदेशाच्या काळात महसुली कागदांवर चढलेली ही नोंद 1956 नंतर पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांसोबत महाराष्ट्रात आली. अशा जमिनींवर वस्त्या, शाळा, कार्यालये, स्मशानभूमी उभ्या राहिल्या. पुढे त्या वन की महसूल, यावर दोन खात्यांत अनेक दशके वाद चालला. त्यांपैकी 86,409 हेक्टर जमीन वनव्यवस्थापनाला योग्य नाही, असे राज्याचे म्हणणे होते. अखेर 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वी दिलेल्या जमिनींसाठी केंद्राची मंजुरी घेण्याचा मार्ग आखून दिला. पुनर्रचनेच्या वेळीच दोन्ही खात्यांनी एकच नकाशा समोर ठेवून पडताळणी केली असती, तर सामान्य माणसाची कितीतरी वर्षांची टांगणी वाचली असती.

गावाने स्वतःचा नकाशा काढण्याची संधी वनहक्क कायद्याने दिली. कायदा 2006 चा, नियम 2008 चे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात दाव्यांची लाट आली. कुरखेड्यात 1984 पासून काम करणाऱ्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेनेही या कामात ग्रामसभांना साथ दिली.

सामूहिक दाव्याची हद्द ठरते ती पायी फिरून. पुढे जाणती माणसे, मागे वनहक्क समिती, सोबत शेजारच्या गावचे लोक. नाला कुठे वळतो, डोंगराची धार कुठे उतरते, कोणत्या मोहापाशी आपली शीव संपते, हे बोलून ठरते. नजरी नकाशा निघतो आणि जिथे जीपीएस यंत्र असेल तिथे या खुणांचे अक्षांश-रेखांशही टिपले जातात. खरी कसरत पुढे असते. वनविभाग जंगल ओळखतो कक्ष क्रमांकाने, महसूल विभाग जमीन ओळखतो भूमापन क्रमांकाने आणि गाव ओळखते नाल्याच्या नावाने. तिन्ही एकावर एक ठेवून पाहायला संगणकीय नकाशा लागतो.

आणि ही साधने आज आहेत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात 1988 पासून आहे. इस्रोचे ‘भुवन’ 2009 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. क्यूजीआयएस हे 2002 मध्ये सुरू झालेले सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येते. गुजरातमध्ये ‘आर्च-वाहिनी’ने वनहक्काच्या दाव्यांसाठी जीपीएस आणि उपग्रहचित्रे वापरून दाखवली. 2012 च्या सुधारित नियमांनीही अशा चित्रांना पूरक पुरावा म्हणून जागा दिली आणि ती इतर पुराव्यांची जागा घेणार नाहीत, हेही स्पष्ट केले. हा तोल योग्यच आहे.

राज्याराज्यांनी एकच साधन वाटून घेतल्याचे ठळक उदाहरण म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘भूनक्शा’. छत्तीसगड, बिहार, झारखंड, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा अनेक राज्यांचे जमिनीचे नकाशे या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्याकडे ते ‘महाभूनकाशा’ म्हणून दिसते. 1907 मध्ये दुर्गकडे गेलेली गावे आणि कुरखेडा-कोरचीची गावे अशी पुन्हा एका प्रणालीत आली. व्याघ्र प्रकल्पांसाठी भारतीय वन्यजीव संस्थेने विकसित केलेली ‘एम-स्ट्राइप्स’ ही गस्तीची प्रणालीही ताडोबात आणि इतर अनेक राज्यांत वापरली जाते.

साधनांसोबत माहितीचीही देवाणघेवाण किती निकडीची आहे, हे ऑक्टोबर 2021 पासून गडचिरोलीकर अनुभवत आहेत. त्या महिन्यात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला आणि पुढे कुरखेडा-कोरचीच्या बाजूलाही फिरला. सीमेपलीकडे कळप कुठवर आला आहे, हे अलीकडच्या गावाला वेळेत कळले तर धान राखता येते, माणसे वाचतात. हत्तीच्या वाटेत सीमेचा दगड नसतो. त्याच्या नोंदी ठेवणारी दोन खाती मात्र दोन राज्यांची असतात.

साधने वाटली गेली, माहिती मात्र अजून पुरती वाटली गेली नाही. महसुलाचा भूमापन क्रमांक एका पडद्यावर आणि वनविभागाचा कक्ष दुसऱ्याच दफ्तरात, ही स्थिती बदलायला नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागणार नाही. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांची संख्या हजाराच्या वर आहे. त्यांतल्या प्रत्येकीला आपल्या हद्दीचा, कक्ष आणि भूमापन क्रमांक दोन्ही दाखवणारा, सहीशिक्क्याचा संगणकीय नकाशा मिळाला पाहिजे, आणि त्याची तीच प्रत वन, महसूल व सीमेपलीकडच्या कार्यालयातही असली पाहिजे. जिल्हा प्रशासनाने हे काम मुदत ठरवून हाती घ्यावे, आणि सुरुवात कुरखेडा तालुक्यापासून करावी.