अठ्ठावीस राजीनामे

शहराची सनद म्हटली की शिक्कामोर्तब केलेला एखादा जुना कागद आपल्या डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडील मोठ्या शहरांची सनद म्हणजे मात्र त्यांच्या नगरपालिकेचा कायदा होय. पट्टी कोणी बसवावी आणि तिचा पैसा कोणाच्या संमतीने खर्च व्हावा, हे त्यात लिहिलेले असते. असा कायदा बदलू लागला म्हणजे नागरिकाने प्रथम काय वाचावे? उद्देश वाचावा, असे पुष्कळांना वाटेल. माझे म्हणणे असे की, त्याने आकडे वाचावेत. कलकत्त्यात १८९९ साली जे घडले, त्यावरून हे आपल्या ध्यानी येईल.

कलकत्त्याच्या करदात्यांना निवडणुकीचा हक्क मिळाला १८७६ साली. तो कायदा करणारे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल पुढच्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर होऊन इकडे आले. त्या कायद्याने ७२ पैकी ४८ सभासद लोकनियुक्त झाले. १८८८ च्या कायद्याने ही संख्या ७५ पैकी ५० अशी झाली. अध्यक्ष सरकारी अधिकारी असे आणि मताचा हक्क थोड्यांनाच होता. तरी सभागृहात करदात्यांचा शब्द चाले. या सभासदांत प्रारंभापासून सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले, तेच हे सुरेंद्रनाथ.

१८९६ साली शहराच्या मैलापाण्याच्या कामाचा एक समारंभ झाला. त्या प्रसंगी लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी यांनी नगरपालिकेवर कडक टीका केली. येथे चर्चा फार, काम थोडे, असा त्यांचा रोख होता. गंमत अशी की, ज्या कामाच्या समारंभात हे भाषण झाले, ते काम त्याच नगरपालिकेचे होते. पुढे १८९८ साली नवे विधेयक आले. त्याच वर्षी कलकत्त्यात प्लेगचा प्रवेश झाला. शहर घाण आहे, हा आक्षेप खोटा नव्हता. वस्त्यांची दैना कोणालाही दिसत होती. पण घाण काढावयाची म्हणून मतदाराला काढावयाचे, हे तर्कशास्त्र मात्र नागरिकांना उमजेना.

सरकारपक्ष मुंबईकडे बोट दाखवी. तेथे महापालिका, स्थायी समिती व आयुक्त अशी अधिकारांची वाटणी आहे. तशीच येथे करतो, असे तो सांगे. म्हणून ती दोन्ही माणसे शेजारी शेजारी मांडून पाहू. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात स्थायी समितीचे १२ सभासद. त्यांतले ८ महापालिकेने निवडावयाचे व ४ सरकारने नेमावयाचे. कलकत्त्याच्या नव्या समितीतही सभासद १२ च; पण त्यांतले ४ लोकनियुक्त सभासदांनी निवडावयाचे, ४ इतर सभासदांनी, आणि ४ सरकारने नेमावयाचे. बारा तेच, परंतु एकीकडे दोन तृतीयांश आणि दुसरीकडे एक तृतीयांश. साम्य नावात होते, भेद आकड्यांत होता.

कलकत्त्याच्या नागरिकांनी हा भेद ओळखला. सभा झाल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रांतून लेख आले. सुरेंद्रनाथांनी आपल्या ‘बेंगाली’ पत्रातून आणि कायदे कौन्सिलातून विधेयकाशी कलमवार झुंज दिली. कौन्सिलात सरकारी बहुमत होते. तेव्हा मतमोजणीचा निकाल ठरलेलाच होता. अशातच १८९९ च्या प्रारंभी लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून आले. लोकांना वाटले, नवा माणूस ऐकून घेईल. त्यांनी विधेयकात फेरफार केला खरा, पण तो असा की, सभासदांची संख्या ७५ वरून ५० वर आली आणि कमी झालेले पंचवीसही लोकनियुक्तांतलेच निघाले. दोन तृतीयांशांचे निम्मे झाले. वर अध्यक्ष सरकारचा. म्हणजे त्या निम्म्यालाही अर्थ उरला नाही.

सप्टेंबर १८९९ मध्ये विधेयक मंजूर झाले. त्याच महिन्यात सुरेंद्रनाथांसह २८ सभासदांनी राजीनामे दिले. तेवीस वर्षे सांभाळलेली जागा सुरेंद्रनाथांनी सोडली.

हे योग्य झाले काय? रिकाम्या खुर्च्यांनी कायदा थांबला नाही. १९०० साली तो अमलात आला. आत राहून निदान पट्टीच्या आणि पाण्याच्या प्रश्नांवर भांडता आले असते, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप हलका नाही. परंतु नावापुरते सभागृह चालू ठेवण्यास आपली उपस्थिती कारणी लागू नये, हेही सार्वजनिक कर्तव्यच असते. त्या अठ्ठावीसांनी आपल्या खुर्च्या गमावल्या. पण नव्या व्यवस्थेला करदात्यांची संमती आहे, असे म्हणण्याची सोय त्यांनी सरकारला ठेवली नाही.

काळाने या कथेला आणखी एक वळण दिले. १९२१ साली सुरेंद्रनाथ बंगालचे स्थानिक स्वराज्य मंत्री झाले आणि १९२३ साली त्यांनीच नवा कायदा करून लोकनियुक्तांचे बहुमत परत आणले. स्त्रियांनाही मताचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या अखेरच्या कौन्सिल निवडणुकीत मात्र डॉ. बिधनचंद्र रॉय यांनी त्यांचा पराभव केला. १९२४ साली देशबंधू चित्तरंजन दास कलकत्त्याचे पहिले महापौर झाले. ज्याने दार उघडले, तो बाहेर राहिला आणि ज्या पक्षाने त्याला हरविले, तो आत गेला. पण लोकांच्या मताने आत जाता यावे आणि लोकांच्या मतानेच बाहेर व्हावे लागावे, एवढ्यासाठीच तर ते राजीनामे होते.